लोखंड नासत नाही

“विमलच्या पोरीचं नाव काय ठेवतील वो?” मी विचारलं.

“हां,” हे म्हणाले.

“हां काय? नाव काय ठेवतील म्हणतेय मी.”

“हां.”

ट्रकच्या केबिनमध्ये इंजिनाचा आवाज मोठा. ऐकू गेलं नसेल, असं मला आधी वाटलं. मी मान वळवून बघितलं. दोन्ही हात स्टिअरिंगवर, पाठ ताठ, डोळे उघडे, नजर समोर. सगळं जिथल्या तिथं होतं. फक्त पापणी लवत नव्हती.

“अवो, तुमचं नाव काय?”

“हां.”

आणि समोर मेंढरं होती.

धनगरांचा तांडा रस्त्याच्या कडेनं चालला होता. पुढं घोड्यावर बिऱ्हाड, मागं मेंढरांचा लोंढा, आणि सगळ्यांत शेवटी काठी खांद्यावर आडवी टाकलेला एक म्हातारा. आमचा ट्रक आपली लेन सोडून, कुणी हातानं ढकलावा तसा, हळूहळू त्या कडेलाच सरकत होता. मी किंचाळले. काय ओरडले ते आता आठवत नाही. ह्यांच्या दंडाला मात्र असा हिसडा दिला, की माझ्या बांगड्या फुटून मनगटातनं रक्त आलं. ब्रेक लागला. मागच्या हौद्यात लोखंड कडाडलं. जळक्या रबराचा वास केबिनमध्ये भरला आणि ट्रक थांबला. शेवटचं मेंढरू बंपरापासून हातभर लांब उभं होतं. ते पळालंसुद्धा नाही. आमच्याकडं बघत तोंड हलवत राहिलं.

म्हातारा खिडकीपाशी आला. काठी उगारूनच आला होता, पण ह्यांचं तोंड बघितलं आणि त्याचा हात खाली आला.

“झोपला व्हता का रे, ड्रायव्हर?”

हे कपाळ स्टिअरिंगला टेकवून बसले होते.

“पुढं एक बंद पडलेला ढाबा हाये,” म्हातारा मला म्हणाला. “लिंबाची सावली हाये, हापसा हाये. तिथं लाव म्हनावं गाडी, अन् निवांत पड म्हनावं. मेंढरं वाचली, तुम्ही बी वाचले.”

ही गोष्ट नाशिकच्या पुढची, चांदवड मागं टाकून राहुडचा घाट उतरल्यावर उमराण्याच्या अलीकडची. आता तिला बरीच वर्षं झाली. मी शालन चौगले. तेव्हा हातकणंगल्याच्या बाजूला एका सूतगिरणीत कामाला होते. आमचे हे, आनंदा चौगले, शिरोलीच्या एका ट्रान्स्पोर्टवाल्याकडं ट्रकवर होते. लग्नाला पुष्कळ वर्षं झाली होती, पण ह्यांच्या गाडीतनं मी पहिल्यांदाच निघाले होते. माझी धाकटी बहीण विमल शिरपूरला दिलेली. तिला मुलगी झाली होती आणि त्या दिवशी संध्याकाळी बारसं होतं. ह्यांना माल घेऊन इंदूरच्या पलीकडं पिथमपूरला जायचं होतं, वाटेत शिरपूर. सासूबाई म्हणाल्या, “एस्टीनं हाडं खिळखिळी करून घेण्यापरीस जा की नवऱ्यासंगं.” म्हणून मी डिंकाच्या लाडवांचा डबा मांडीवर घेऊन गाडीत चढले.

ज्या दिवशी आम्ही निघालो, त्याच दिवशी सकाळी हे होसूरहून गाडी घेऊन आले होते. अंघोळ केली, ताटावर बसले, चार घास खाल्ले आणि फोन वाजला. माल भरून तयार आहे, लगेच निघ. ह्यांनी चपला घातल्या. ही काही नवलाची गोष्ट नव्हती, आमच्या घरी असंच चालायचं. हे यायचे, खायचे, भिंतीला टेकले की घोरायचे आणि फोन वाजला की जायचे. पोरं बापाला हाक मारायला बिचकायची. मला वाटायचं, आपला नवरा अबोल आहे. एकेकाचा स्वभाव असतो.

ढाब्यावर गाडी लागली. लिंब चांगला डेरेदार होता. इंजिन बंद झालं तसं कानात दडे बसल्यासारखं झालं. ह्यांनी बाटलीतलं पाणी तोंडावर मारलं आणि गळ्यातल्या टॉवेलनं पुसलं.

“चल. निघूया,” म्हणाले.

“निघूया? आत्ता काय झालं ते बगितलं न्हाई व्हय?”

“पाणी मारलंय तोंडावर. आता काय न्हाई होत.”

तेवढ्यात फोन वाजलाच. गाडीत जीपीएसचं यंत्र बसवलेलं होतं. गाडी उभी राहिली, की शिरोलीच्या ऑफिसात पडद्यावरचा हिरवा ठिपका तांबडा व्हायचा. ठिपका तांबडा झाला, की सुकुमारचा फोन. सुकुमार म्हणजे तिथला मॅनेजर. पोरगा तसा वाईट नव्हता, पण त्याच्या मागं आण्णा होते. बाळगोंडा आण्णा, गाड्यांचे मालक. रात्रभरात सुकुमारचे किती फोन आले ते मी ऐकलं होतं. चहाला थांबलं तरी फोन, लघवीला थांबलं तरी फोन.

“व्हय, निघालोच,” हे फोनवर म्हणाले. “न्हाई, न्हाई. मेंढरं आडवी आलती. निघालो बग.”

एका हातात फोन होता, दुसरा हात किल्लीकडं गेला. त्यांच्याआधी माझा हात पोचला. मी किल्ली ओढून काढली, पदराच्या टोकात बांधली आणि गाठ मारून पदर कमरेला खोचला.

“शालन, खुळी हाईस काय?”

“व्हय.”

“किल्ली दे.”

“झोपा आधी.”

“अगं, गाडीवरनं उतरवतील मला! दोन पोरं हाईत घरात. कळतंय का काय?”

“मला पोरंच दिसत्यात,” मी म्हटलं. “तुम्ही मगाशी मेंढरं बगितली न्हाई, मी बगितली. त्यांच्या जागी शाळंतली पोरं असती तर?”

त्यांनी माझा हात धरला. आयुष्यात पहिल्यांदाच असा रागानं धरला. मला वाटलं, आता मारतील. पण त्या हातात जोरच नव्हता. धरला आणि तसाच सुटला. हे खाली उतरले, शिव्या देत गाडीला एक फेरी मारली, चाकाला लाथ घातली. मग लिंबाखाली टॉवेल टाकून नुसते बसायला म्हणून बसले, आणि बसल्या जागी आडवे झाले. मी डब्यातनं लाडू काढून नेईपर्यंत घोरणं सुरू झालं होतं. तोंडाशी मुंगळा आला, तो मी पदरानं झटकला. त्यांना पत्ता नव्हता.

फोन माझ्याकडं राहिला होता. तो परत वाजला.

“आनंदा, काय लेका, ठिपका हलंना अजून!”

“सुकुमारभाऊ, मी शालन बोलतेय. हे झोपल्यात.”

मग तो म्हणाला, “वैनी, उठवा त्यांना. उद्या सकाळी माल कंपनीत पायजे. आण्णा समोरच बसल्यात.”

“मग आण्णांस्नी सांगा, झोपल्यात म्हणून.”

फोन बंद झाला. गिरणीत मी कधी सुपरवायझरला उलटून बोलले नव्हते, आणि इथं बसून मालकाला निरोप धाडत होते. विमलला फोन केला. म्हटलं, बाई, बारशाला माझी वाट बघू नका. ती रडायला लागली. “तूच न्हाईस तर पाळणा कोण म्हणणार? अशी काय अडचण आली?” म्हणाली. तिला काय सांगणार? म्हटलं, गाडी बिघडलीय.

ऊन कलायला लागलं तेव्हा एक गाडी कर्रकन वळून ढाब्यावर आली. आमच्यासारखीच, आण्णांचीच. तिच्यातनं एक उंच, दाढीवाला माणूस उतरला. ह्यांच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

“सलाम, वैनी. मी मुनाफ, मिरजेचा. आनंदाच्या संगतीत हाय मी.” जरा घुटमळला. “आण्णांचा फोन आलाता. माझी गाडी रिकामी परत चाललीया. ती हितं लावायची आणि ही घेऊन पिथमपूरला जायचं, असा हुकूम हाय. किल्ली द्या.”

त्याचे डोळे तांबडेलाल होते. बोलताना तो ट्रकच्या दाराला हात लावून उभा होता. उगाच नव्हे, आधारालाच.

“मुनाफभाऊ, तुम्ही कवा झोपलाय?”

तो हसला. “झोप व्हय? ती मिरजेत ठेवून आलोय, वैनी.”

“म्हणजे एका झोपलेल्याला उठवून दुसऱ्या झोपलेल्याला बसवायचं?”

त्याचं हसू तोंडावर तसंच राहिलं, पण डोळ्यांतनं गेलं. “कायद्यात आठ तासच लिव्हलंय म्हणं. युनियनचा एक माणूस सांगत हुता. पर कायदा काय गाडीत बसत न्हाई. गाडीत आमीच बसतो.”

“आधी जेवा. मग बघू किल्लीचं.”

मी भाकरी काढली. खर्डा होता, शेंगदाण्याची चटणी होती, बारशाचे लाडू होते. मुनाफभाऊ माझ्यासमोर गाडीच्या चाकाला टेकून बसला. म्हणाला, घरची भाकरी लई दिवसांनी बघतोय. मिरजेतल्या पोरीचं सांगायला लागला, ती डॉक्टरीण होणार म्हणते. मी हापशावर पाणी आणायला गेले. परत आले तर मान छातीवर पडलेली, आणि शेवटचा घास तसाच हातात. मी तो घास त्याच्या हातातनं काढून घेतला आणि ताट बाजूला ठेवलं. पाण्याचा तांब्या हातात घेऊन मी त्या दोघांच्या मधे उभी राहिले. हसावं का रडावं, कळेना.

सुकुमारचा फोन आला. ह्या वेळी त्याचा आवाज निराळाच होता.

“वैनी, तिथं दोन ठिपके दिसायल्यात. मुनाफ निघाला का?”

“तो बी झोपलाय.”

“काय?”

“जेवता जेवता झोपला, भाऊ. मी काय केलं न्हाई. भाकरी वाढली नुसती.”

मला वाटतं, तिकडं तो हसला. पण लगेच कुणीतरी त्याच्या हातातनं फोन घेतला.

“कोण बोलतंय? आनंदाची बायको?” आवाज जाडा, घोगरा. हे आण्णा.

“व्हय, आण्णा.”

“बाई, काय खेळ मांडलाय तू? माझ्या दोन गाड्या अडवून बसलीस? तिकडं कंपनीची लाइन थांबली तर कुणाला जबाबदार धरू? तुला?”

“आण्णा, गाडीत काय भरलंय वो?”

“काय भरलंय म्हणजे? इंजिनाची कास्टिंग हाईत. लोखंड.”

“मग ते काय आंबतंय का? दूध न्हाई, भाजी न्हाई. लोखंड नासत न्हाई, आण्णा. एक रात्र लिंबाखाली राह्यलं तरी लोखंडच राहील. माणसाचं तसं न्हाई.”

“मला शिकवतीस? तू गिरणीतली बाई. गाडीच्या धंद्यातलं तुला काय कळतंय?”

“धंद्यातलं न्हाई कळत. शिफ्टमधलं कळतंय. आमच्या गिरणीत भोंगा झाला की बाई घरी जाती आणि तिच्या साच्यावर, म्हणजे मशिनीवर, दुसरी उभी ऱ्हाती. साचा थांबत न्हाई, आण्णा. माणूस बदलतं. तुमच्या गाडीला भोंगाच न्हाई.”

मग आण्णा एकदम शांतपणे बोलले, आणि ओरडण्यापेक्षा मला त्याचीच जास्त भीती वाटली.

“आनंदाला सांग, हा माल टाकला की माझ्या दारात पाऊल ठेवायचं न्हाई.”

फोन बंद झाला.

मी लिंबाच्या बुंध्याला टेकून बसले. रस्त्यानं गाड्या जात होत्या, येत होत्या. प्रत्येक गाडीच्या काचेआड मी डोळे शोधायला लागले होते, उघडे आहेत का मिटलेले. मी नवऱ्याची नोकरी घालवली होती, आणि नवरा माझ्यासमोर तोंड उघडं टाकून लेकरासारखा झोपला होता. दोनदा त्यांना उठवायला हात पुढं केला. सांगावं, निघूया, फोन करूया, माफी मागूया. दोन्ही वेळा तो हात मी मागं घेतला. पदराची गाठ मात्र सोडली नाही.

दिवस बुडायच्या सुमाराला हे उठले. बराच वेळ नुसते बसून राहिले. आपण कुठं आहोत, असं बघत होते. मग हापशाखाली डोकं धरलं. परत आले तेव्हा मी सगळं सांगितलं, एक शब्द न गाळता. आण्णांचं शेवटचं वाक्यसुद्धा.

त्यांनी टॉवेलनं डोकं पुसलं. मग म्हणाले, “वाटोळं केलंस.”

“व्हय.”

त्यांची नजर मुनाफभाऊवर गेली. चाकाला टेकून, पाय पसरून, दाढीवर भाकरीचा चुरा घेऊन तो झोपला होता. “हा कवा आला?”

“तुमची गाडी न्यायला आलाता.”

ह्यांनी त्याच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि फिस्सकन हसले. एकदा हसायला लागले ते थांबेचनात. डोळ्यांतनं पाणी आलं. त्या आवाजानं मुनाफभाऊ खडबडून जागा झाला आणि “कंपनीचं गेट आलं काय?” म्हणून उठून उभाच राहिला. मग मीही हसले.

“माल पोचवायचा,” हे मग म्हणाले. “नोकरी राहू दे न्हाई तर जाऊ दे. घेतलेला माल वाटंत टाकायचा न्हाई.”

“ते तर हायच,” मुनाफभाऊ म्हणाला. “आणि तू परत येशील तवा मी शिरोलीत हाय. ध्यानात ठेव.”

मी पदराची गाठ सोडली आणि किल्ली त्यांच्या हातात दिली.

उमराण्यापासून शिरपूरपर्यंतचा तो रस्ता मला अजून आठवतो. हे बोलत होते. मालेगाव आलं तेव्हा इथल्या यंत्रमागांचं सांगितलं. धुळ्याच्या अलीकडं एका टेकडीकडं बोट करून म्हणाले, तिथं एकदा पावसात अडकलो होतो, तर एका म्हातारीनं पिठलं करून घातलं. मग त्या म्हातारीची नक्कल केली, तिच्या बोलीत. मी अवाक होऊन बघत होते. हा माणूस नकला करतो? मला हे माहीतच नव्हतं. इतकी वर्षं संसार केला, त्यातली निम्मी वर्षं मी एका दमलेल्या माणसाशी बोलत होते आणि त्यालाच त्याचा स्वभाव समजत होते.

बारसं झालं होतं. विमलनं आधी तोंड फिरवलं. मग खरं काय घडलं ते ऐकून माझ्या गळ्यात पडली आणि बाळ माझ्या ओटीत टाकलं. ह्यांना तिच्या नवऱ्यानं त्या रात्री जाऊच दिलं नाही. पोटभर जेवून, अंगणात खाटेवर झोपून, सकाळी चहा घेऊन हे सेंधव्याचा घाट चढले.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. परत तेच हसू.

“शालन, पोचलो. कंपनीच्या गेटावर उभा हाय.”

“उतरवला का माल?”

“उतरवतोय कोण? म्होरं ही रांग हाय. वॉचमन म्हणतोय, आत जागा न्हाई, चार दिवस तरी थांबा. काहींच्या गाड्या आठवड्यापासनं उभ्या हाईत. काल आलो असतो तर एक दिवस जास्त उभा राह्यलो असतो, एवढंच.”

ज्या लोखंडासाठी ते मेंढरांच्या अंगावर जाणार होते, ते लोखंड गेटाबाहेर उन्हात उभं होतं. मला राग आला. पण त्यांना बघा, ते हसत होते.

आम्ही शिरोलीला परत आलो तेव्हा सुकुमारचा निरोप होता. आण्णांनी दोघांनाही बोलावलंय. मी गिरणीतनं सुट्टी घेतली, ठेवणीतलं लुगडं नेसले आणि ह्यांच्या मागोमाग चालत गेले.

ऑफिससमोरच्या आवारात आण्णांच्या गाड्या उभ्या होत्या. एरवी सकाळी तिथं नुसती धूळ आणि धूर. त्या दिवशी एकही इंजिन चालू नव्हतं. ड्रायव्हर कट्ट्यावर ओळीनं बसले होते, बिड्या ओढत. मुनाफभाऊ मधोमध. मला बघून उठला नाही, पण छातीवर हात ठेवला.

आत आण्णा खुर्चीत बसले होते. पांढरी टोपी, भरदार मिशा, कपाळाला गंध. सुकुमार टेबलाशी उभा. भिंतीवरच्या फळीवर गाड्यांच्या किल्ल्या खिळ्याखिळ्यांना लटकत होत्या, सगळ्याच्या सगळ्या.

“हीच का ती?” आण्णांनी मला निरखून बघितलं. “फोनवर लई थोर वाटली हुती. ही तर एवढीशी हाय.”

मग ते फळीवरच्या किल्ल्यांकडं वळले.

“सुकुमार, गाड्या का निघाल्या न्हाईत अजून?”

“किल्ल्या कुणी घेतल्या न्हाईत, आण्णा. म्हणत्यात, आनंदाचं काय ते आधी सांगा.”

आण्णांचा चेहरा तांबडा झाला. उठून खिडकीपाशी गेले, कट्ट्याकडं बघितलं. वीस वर्षांपूर्वी ते स्वतः ट्रक चालवायचे. एका गाडीच्या दहा त्यांनी रक्त आटवून केल्या होत्या, हे सगळ्या शिरोलीला ठाऊक होतं. पाठमोरे असतानाच त्यांनी विचारलं, “आनंदा, खरं सांग. डोळा लागलाता का बायकोनं नाटक केलं?”

“डोळा उघडाच हुता, आण्णा,” हे म्हणाले. “मी नव्हतो.”

आण्णा हलले नाहीत. खिडकीच्या गजाला धरलेली त्यांची बोटं तेवढी दिसत होती. मग ते बोलले, आणि तो आवाज फोनवरचा नव्हता.

“निपाणीच्या पुढं. तवंदीचा घाट. मला पण झालंय तसं. घाट कधी उतरलो ते अजून ठाऊक न्हाई मला. खाली आलो तवा गाडी आपली चाललीय आणि मी गाडीत.” त्यांनी घसा खाकरला. “घरात कुणाला सांगितलं न्हाई. बायकोला पण न्हाई.”

सुकुमार हळूच म्हणाला, “आण्णा, तो माल चार दिवस गेटावरच हुता.”

“ठाऊक हाय मला!” आण्णा खेकसले. मग माझ्याकडं वळले. “आणि तू ते साचा का फाचा काय म्हणत हुतीस? परत सांग.”

मी घाबरतच सांगितलं. साचा थांबत नाही, माणूस बदलतं. आण्णा डोळे बारीक करून ऐकत होते. धंदेवाला माणूस. माझ्या बोलण्यात त्यांना दया दिसली नसेल, पण न थांबणारी गाडी दिसली.

“म्हणजे हितनं निघालेला धुळ्यात उतरला आणि दुसरा बसला तर...” ते स्वतःशीच पुटपुटले. “गाडी पळतच ऱ्हाती. सुकुमार, धुळ्यात एक खोली बघ.”

“व्हय, आण्णा. खाटा किती सांगू?”

“माणसं किती उतरतील? तेवढ्या.” मग फळीवरची एक किल्ली काढून त्यांनी ह्यांच्यासमोर टेबलावर आपटली. “महिनाभर बगतो. जमलं न्हाई, तर तू बी घरी आणि तुझी बायको बी गिरणीत. जा!”

बाहेर मुनाफभाऊनं आमची तोंडं बघितली आणि बिडी विझवली. मग एक एक जण उठून किल्ली घ्यायला आत गेला.

सगळं सरळ झालं, असं नाही. मधेच दिवाळीची गर्दी आली, की आण्णांच्या अंगात जुना आण्णा शिरायचा आणि रात्री-अपरात्री फोन सुरू व्हायचे. मग कुणीतरी एक ड्रायव्हर ढाब्यावर गाडी लावून सुकुमारला फोन लावायचा आणि सुकुमार आण्णांना म्हणायचा, ठिपका झोपलाय. पण धुळ्याची खोली टिकली. पुढं नागपूरच्या वाटेवर एक झाली, होसूरच्या वाटेवर एक. आण्णा दुसऱ्या ट्रान्स्पोर्टवाल्यांना सांगायचे, ही आयडिया माझी. सांगू देत.

आता शेवटचं सांगते. धुळ्याची खोली सुरू झाल्यावर हे पहिल्यांदा घरी आले तो दिवस. माझी सकाळची शिफ्ट होती, चार वाजता घरी आले तर हे दारात उभे. अंघोळ झालेली, दाढी केलेली, पांढरा शर्ट. मला वाटलं, कुणाचं लग्न आहे.

“चल. रंकाळ्यावर जाऊया,” म्हणाले.

सासूबाई तोंडाला पदर लावून हसल्या. मी तशीच निघाले, कपड्यांना सुताचा फुफाटा लागलेला. केएमटीच्या बसनं गेलो. तळ्याच्या कठड्यावर बसून भेळ खाल्ली. हे सांगत होते, सेंधव्याच्या घाटात माकडं कशी ड्रायव्हरच्या हातातनं बिस्कीट घेतात, धुळ्याच्या खोलीत मुनाफ किती घोरतो, शेजारचे लोक तक्रार घेऊन कसे आले. पाण्यावरनं गार वारा येत होता. पहाटेपासून साच्यावर उभी होते मी. ऐकता ऐकता कधी डोळा लागला, कळलंच नाही.

जाग आली तेव्हा तळ्याभोवतीचे दिवे लागले होते. माझं डोकं त्यांच्या खांद्यावर होतं. ते होते तसेच बसले होते, भेळेचा रिकामा कागद हातात धरून. खांदा पार अवघडला असणार.

“अगंबाई, एवढा वेळ! उठवायचं न्हाई का?” मी म्हटलं.

“कशाला?” ते म्हणाले. “कुठं जायचंय?”